जे काही आहे त्यासह

"'सर्व वस्तूंसह' असं नको," मालकीणबाई म्हणाल्या. "'आत जे काही आहे त्यासह' असं लिहा."

कुलसचिवांनी लगेच तसं लिहून घेतलं. गावाबाहेरचं दुमजली घर, बाग आणि जुनं शिसवी सामान, सगळं विद्यापीठाच्या पदरात फुकट पडत होतं. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

त्यांच्या शेजारी इतिहासाची प्राध्यापिका बसली होती. या घरात अभ्यासकेंद्र निघणार आणि ती इथेच राहून त्याची देखभाल करणार, असं ठरलं होतं. ठरलं कसलं, कुलसचिवांच्या कचेरीचे उंबरठे झिजवून तिने ते ठरवून घेतलं होतं. ती स्वतः वसतिगृहात राहायची आणि आई भावाकडे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपायची. "कधी नेताय यांना?" असं वहिनी आता तोंडावर विचारू लागली होती. आईला एक खिडकीची खोली मिळावी, एवढंच तिचं मागणं. त्यापायी दहा वर्षं घर न सोडण्याच्या करारावर तिने डोळे झाकून सही केली होती.

"घर माझ्या वडिलांचं, माझ्याच नावावर," बाई म्हणाल्या. "त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही."

"आणि आपले यजमान...?" कुलसचिवांनी आवाज खाली आणला.

"ते वर गेले." बाईंनी छताकडे पाहिलं. "पुष्कळ वर्षं झाली."

कुलसचिवांनी मान खाली घातली. अशा वेळी काहीतरी विचारावं लागतं.

"कशाने गेले?"

"रागाने."

कुलसचिवांना स्वतःचा रक्तदाब आठवला. त्यांनी मनापासून सुस्कारा सोडला आणि घर बघायला सगळे उठले.

सामान देखणं होतं, पण धडधाकट नव्हतं. जेवणाच्या टेबलाला मधोमध खोल खोक पडली होती. खुर्च्यांचे पाय कधीतरी मोडून पुन्हा जोडलेले दिसत होते. कपाटात सगळी भांडी स्टीलची होती.

"काचेचं काही नाही का, काकू?" प्राध्यापिकेने विचारलं.

"काचेचं टिकलं नाही या घरात."

वर जिना संपला तिथे एक दार बंद होतं. कुलसचिवांनी दाराची मूठ फिरवून पाहिली.

"ही खोली?"

"त्यांची."

"किल्ली कुठाय?"

"त्यांच्याबरोबर गेली," बाई म्हणाल्या. "आणि हे दार तुम्ही उघडायचं नाही. दुसरं म्हणजे, रोज दुपारी एक गरम ताट इथे दाराशी ठेवायचं. मी आजवर ठेवत आले. माझ्यामागे ते चुकायला नको."

कुलसचिवांनी प्राध्यापिकेला डोळ्यांनीच खुणावलं, की म्हातारं माणूस आहे, हो म्हणून टाक.

"ठेवेन, काकू," ती म्हणाली.

"मग काय, उंदरांची चंगळ!" कुलसचिव हसले.

"ताट रोज रिकामं होतं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी बाई निघाल्या. सोबत एकच पिशवी होती. ती त्यांनी डाव्या हाताने उचलली, कारण उजवं मनगट वाकडं होतं, मोडून तसंच जुळलेलं. प्राध्यापिकेने पिशवी त्यांच्या हातून घेतली.

"घराची आठवण येईल ना हो?"

"घराची येईल." बाई गाडीत बसल्या आणि ते वाकडं मनगट चोळू लागल्या. "ताट चुकवू नकोस गं. माझ्याकडून एकदाच चुकलं होतं."

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, घर सुटतंय म्हणून.

"मला माफ कर, बाळ," त्या म्हणाल्या, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्याच सकाळी आई आली. खालची पूर्वेकडची खोली बघून ती दारातच थबकली. खिडकीला हात लावून पाहिला, पलंगावर बसून पाहिलं, आणि भावाच्या घरी कधी न दिसलेलं हसू तिच्या चेहऱ्यावर आलं. लेकीचा जीव सुपाएवढा झाला. तिने हौसेने स्वयंपाक केला आणि दोघी त्या खोक पडलेल्या टेबलाशी पोटभर जेवल्या.

"वर ताट ठेवलंस का?" आईने विचारलं.

"गेलेल्या माणसाला कसली गं भूक?"

"अगं, शब्द दिलायस त्या बाईला."

"ती कुठे बघायला येणारेय? बरं, उद्यापासून ठेवीन. आज सामान हलवून माझी कंबर मोडलीय."

तिने उरलेलं जेवण झाकून ठेवलं, भांडी घासली आणि आईच्या पायाशी येऊन बसली. दुपार टळत आली होती. आई पलंगावर पाय पसरून पडली होती. कितीतरी वर्षांनी तिला पाय पूर्ण पसरता येत होते.

"आता इथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही ना गं?"

"कुणी नाही. दहा वर्षं आपल्याला इथून कुणी हलवू शकत नाही."

डोक्यावर काहीतरी करकरलं. मग थांबलं, आणि जिन्याच्या बाजूला पुन्हा करकरलं.

"काय गं ते?"

"उंदीर," ती म्हणाली. "आज उपास घडला ना त्यांना."

आई हसली. तेवढ्यात वरच्या बंद दाराच्या कुलपात, आतून, किल्ली फिरली.