ठोक्यांमधले अंतर

रुडॉल्फ डाबरेने वसईजवळच्या आपल्या गावच्या चर्चची घंटा दोनदा ध्वनिमुद्रित करून आणली होती: एकदा लग्नाची, उतावळी, ठोक्यावर ठोका देणारी, आणि एकदा मयताची, प्रत्येक ठोक्यानंतर दीर्घ स्तब्धता पाळणारी. दुसऱ्यांच्या हाताखाली अकरा वर्षे काढल्यावर पडद्यावर ध्वनिमुद्रक म्हणून प्रथमच त्याचे एकट्याचे नाव येणार होते. दिग्दर्शक टिपणीसांनी नायिकेच्या लग्नासाठी नेमकी मयताची घंटा निवडली.

"साहेब, ही ऐकली की आमच्याकडे माणूस हातातलं काम टाकून उभा राहतो. मेलेल्यासाठी प्रार्थना करतो."

"अरे, तुमच्या केळीवाल्यांना विचारून मी सिनेमा काढू? हिच्यात करुणा आहे. घंटा ती घंटा."

१९७८च्या मे महिन्यात चित्रपट वसईच्या टॉकीजमध्ये लागला, तेव्हा टिपणीस मुद्दाम आले आणि रुडॉल्फला शेजारी घेऊन बसले. पडद्यावर वराने वधूचा हात हाती घेतला आणि पहिला ठोका पडला. काळोखात खुर्च्या करकरल्या. पुढच्या रांगेतली त्याच्या गावची आग्नेसमावशी उठली, मग तिची रांग, मग बाल्कनी. क्रुसाची खूण करून, माना खाली घालून सारे निश्चल उभे राहिले.

टिपणीसांनी रुडॉल्फचा खांदा दाबला. "बघ रे! तुझी माणसं उभं राहून दाद देतायत."

त्यांना समजावून सांगण्याइतकीही किंमत आता रुडॉल्फला द्यावीशी वाटली नाही. "होय, साहेब," म्हणत तोही उठला, मान लववली, आणि त्या चित्रपटासाठी त्याने चिरंतन विश्रांती मागितली.