नाटकाची नवी तारीख

वर्ध्याच्या नाटकाची दोन तिकिटं वामनरावांनी आर्वीतूनच मोबाइलवर काढली होती. आज निरोप आला की प्रयोग आता फेब्रुवारीत होईल. हवी तर तिकिटं ठेवा, नाहीतर पैसे परत घ्या.

पत्नी जयवंताबाई दिवाळी तरी पाहतील की नाही, हे डॉक्टरांनी फक्त वामनरावांच्या कानावर घातलं होतं. पैसे परत मागायला त्यांचं बोट धजेना. उसनं हसू आणून ते म्हणाले, "फेब्रुवारीत जाऊ दोघं. चालन ना तुले?"

"ठेवा जी तिकिटं," मेथी निवडता निवडता जयवंताबाई म्हणाल्या.

 

"फक्त मायं तिकीट पोरीच्या नावानं करून घ्या. एकट्यानं नाटक पाहाची तुमाले सवय नाई."