पंखे बंद असताना

अंगणात तिपाईवर माइक बसवून झाला, तरी आवाज मोजायला आलेल्या बाई काम सुरू करीनात. समोरच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या निश्चल उभ्या होत्या. वारा तर असा, की दोरीवरचे कपडे आडवे झाले होते.

"ताई, तुमचा पायगुण चांगला हो," घरातली सून दारात येऊन हळूच म्हणाली. "सकाळपासून ढिम्म आहेत. कुणीतरी आमचं गाऱ्हाणं ऐकलं म्हणायचं! सासरे भिंतीला टेकले, ते तिथंच घोरायला लागले. बाळसुद्धा गाढ झोपलंय." तिच्याही डोळ्यांवर झापड होती. "आता असंच राहील ना?"

बाईंनी माइकची वायर उगाच चाचपली. पंखे का थांबलेत, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या कधी येणार ते पवनचक्क्यांच्या कंपनीला आधी कळवावं लागे, आणि कंपनी नेमकी तेव्हाच दुरुस्ती काढी. याआधीच्या घरी तोंडात मिठाची गुळणी धरून त्या शांतताच मोजून आल्या होत्या.

"बघू," त्या पुटपुटल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"पंखे चालू करा. नाहीतर मुद्दाम बंद ठेवलेत, असं लिहीन."

"अहो मॅडम, लोक खूश आहेत ना? मग विकतचं दुखणं कशाला घेताय?"

"चालू करा."

पाती हलली. आधी नुसती सूं सूं, मग प्रत्येक फेऱ्याला छातीत उमटणारा दबका ठोका. खिडकीची काच थरथरू लागली. आत सासरे "काय झालं, काय झालं" करत उठले. बाळानं टाहो फोडला.

त्याला कडेवर घेऊन सून बाहेर आली. तिनं टेकडीकडे बघितलं, मग बाईंच्या हातातल्या फोनकडे.

"तुम्हीच सांगितलंत?"

"हो. खरा आवाज मोजायचा, तर…" बाईंनी माइककडे बोट केलं. ती चिडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

सुनेनं नुसती मान हलवली. माइकला वळसा घालून ती घराच्या मागच्या बाजूला निघाली. बाळाचं तोंड खांद्याशी दाबत म्हणाली,

"गप, सोन्या, गप. मावशींना आपला आवाज नकोय."