वारुळावरचं भूछत्र

बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षीची गोष्ट. तीन पावसाळे पायपीट केल्यावर वनस्पतिशास्त्राच्या अनघा मॅडमना पांढरकवड्याच्या जंगलाकडेला, एका वारुळावर, कधी न पाहिलेलं निळसर भूछत्र दिसलं. आकार कळावा म्हणून शेजारी रुपया ठेवून, गुडघे टेकून त्यांनी फोटो काढले. रुपया तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी छत्री पूर्ण उघडली असेल म्हणून धावत आल्या, तर भूछत्र हळदीकुंकवानं बरबटलेलं, भोवती नाणी आणि किडकी बोंडं!

"कोणी केला हा सत्यानाश?" मॅडम रडकुंडीला आल्या.

हात जोडून बसलेली म्हातारी म्हणाली,

"काल तुमीच तं गुडघे टेकून पयला रुपया वाह्यला, मॅडम. म्हटलं, शिकेल-सवरेल बाई टेकते, म्हंजे फवाऱ्यानं नाही मेली थे अळी हाच देव मारन!"