सांताचा कारखाना

लतिकाच्या डायनिंग टेबलावर सगळं गाव बसलं होतं. मीराने आणलेला सांताचा कारखाना तेवढा खिडकीखालच्या स्टुलावर होता.

टेबलावर कापसाचा बर्फ, मधोमध चर्च, चर्चला खेटून नेत्राची नवी बेकरी, मग शाळा, पोस्ट, स्टेशन. सगळी चिनी मातीची, आत दिवा असलेली. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या मराठी मैत्रिणींनी दर डिसेंबरला लतिकाकडे एकेक घर आणायचं, नव्या घराला पहिल्या वर्षी चर्चशेजारची जागा द्यायची आणि त्या घरच्या मुलाने त्याचा दिवा लावायचा, हा रिवाज लतिकानेच घातलेला. मीराची आठ वर्षांची उपासना त्या दिव्यासाठी दोन आठवडे दिवस मोजत होती. कारखान्यात हातोडे घेऊन बसलेल्या बुटक्या कारागिरांना तिने नावंसुद्धा दिली होती.

"आई, व्हाय इज आवर्स ओव्हर देअर?"

मीराने लतिकाकडे पाहिलं.

"अगं, कारखाना म्हटलं की धूर आला, खटखट आली. तो गावात कशाला?" लतिका गोड हसली. "तिथेच शोभतो."

त्या गोडव्याचीच मीराला शिसारी आली. ऑक्टोबरात लतिका पहिल्यांदा तिच्या घरी आली होती. हॉलमधल्या बुद्धाचं तोंडभर कौतुक करून झालं, मग शेजारचा बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि अर्धा चहा तसाच ठेवून बाईंना एकाएकी कुठलीशी मीटिंग आठवली. मीराने ते मनावर घेतलं नव्हतं. आज तिच्या पॅटिसच्या डब्याचं झाकण कोणी उघडलं नव्हतं, तेही तिने सोडून दिलं असतं. पण खेळातलं, कापसावरचं, सांताक्लॉजचं गाव मांडतानासुद्धा या बाईला वेस आठवली होती!

नेत्रा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिला सगळं कळलं होतं, म्हणूनच तर डोकं वर येत नव्हतं.

लतिकाने खोलीतले दिवे मालवले आणि नेत्राच्या मुलाने बटण दाबलं. गाव झगमगलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कारखाना काळोखातच राहिला.

"लतिकामावशी, आमचा?" उपासनाने या वेळी मराठीत विचारलं.

"वायर पोचत नाही गं तिथपर्यंत. पुढच्या वर्षी हं." मग ती मीराकडे वळली. "बाकी तुझ्या कारखान्याच्या खोक्यातला अडॅप्टर फार कामाला आला बाई. माझा जुना आज सकाळीच जळला. सगळं गाव तुझ्यावरच चाललंय बघ!"

मीरा भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने प्लग उपटला.

गाव गपकन विझलं.

"अय्या, लाइट गेले?" कोणीतरी म्हणालं. तोवर मीरा अंधारात चाचपडत एकेक वायर ओढून काढत होती. चर्चची, शाळेची, बेकरीची. मोकळा झालेला अडॅप्टर तिने पर्समध्ये टाकला.

"अगं मीरा, हे काय करतेस?"

"आमचं आहे ते नेतेय."

उपासनाने कारखाना दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. मीराने पॅटिसचा डबा घेतला. तो आणला तेव्हा होता तेवढाच जड होता. दोघींनी दाराशी येऊन बूट घातले. कोणी अडवायला उठलं नाही.

दार उघडलं तेव्हा मात्र मागून लतिकाची हाक आली.

"मीरा, अगं, निदान अडॅप्टर तरी ठेवून जा ना!"