चोथा

तेलाच्या घाण्यामागे ऑलिव्हच्या चोथ्याचा डोंगर असायचा. बायका तो पोत्यांतून फुकट न्यायच्या, वाळवायच्या आणि बेटावरच्या घराघरातली शेगडी हिवाळाभर त्यावरच धगधगायची. गेल्या वर्षापासून सगळा चोथा अथेन्सची कंपनी उचलून नेते. नाताळला मिर्सिनी अथेन्सहून घरी आली, तेव्हा आई दोन कोट चढवून बसली होती. थंडीनं बोटांना भेगा पडल्या होत्या. मिर्सिनीनं हौसेनं काचेची डबी पुढे केली. “हाताला लाव, आई! आमच्या कंपनीचं नवं क्रीम. आपल्याच घाण्यावरच्या चोथ्याचं आहे. साहेबांना मीच सुचवलं, म्हटलं, आमच्याकडे नुसता पडून असतो.” आईनं डबी हुंगली. अत्तराआडचा वास ओळखीचा होता. बोटांना तिनं काही लावलं नाही. उठून थंड शेगडीतल्या राखेवर सगळं क्रीम थापलं आणि काडी ओढली. “अगं, हे काय करतेस?” “आपलाच चोथा ना? बघते, पेटतो का.”