शनिवारी चार वाजता

"उठेल म्हणजे काय, उठलाच समजा!" पाळकसाहेब म्हणाले, आणि सुताराच्या बायकोच्या जिवात जीव आला.

बुधवारची संध्याकाळ होती. खोलीत माणसं दाटीवाटीनं गुडघे टेकून बसली होती. मधोमध खाटेवर सुतार पडला होता, तीन दिवस तापानं फणफणलेला, शुद्ध हरपलेला. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. फार तर दोन-तीन दिवस, असं सांगून ते निघून गेले होते. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. हा माणूस जगणार, असं तिच्याबरोबर आणखी कुणीतरी मानावं. एकानं मानलं तरी पुरे होतं. इथे तर सगळी मंडळीच धावून आली होती.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. त्यांची प्रार्थना रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. "देवा, तू थोर आहेस! डॉक्टरांहून थोर, तापाहून थोर, मरणाहून थोर! हा माणूस या खाटेवरून उठणार, स्वतःच्या पायांनी चालत चर्चमध्ये येणार, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही!"

"शंका नाही!" मंडळी गरजली.

मंडळीच्या सेक्रेटरींनी आजाऱ्यावर हात ठेवला होता. डोक्यापासून पायापर्यंत तो हात त्यांनी हळूहळू सरकवत नेला. बायकोला वाटलं, केवढी ही माया! सेक्रेटरी मनातल्या मनात विती मोजत होते. मंडळीच्या शवपेट्या सुतारच करायचा. त्याच्या कारखान्यात एक तयार पडून होती, आणि ती त्याला आखूड तर पडणार नाही ना, या चिंतेनं सेक्रेटरींना घेरलं होतं.

सगळ्यांचं आमेन झालं. मग दारातून आणखी एक भरदार आमेन आलं. दोघं-तिघं हसले. दारात कबरी खणणारा माणूस उभा होता. सगळे त्याला आमेनदादा म्हणत. त्याचं आमेन नेहमीच मागाहून यायचं, कारण तो आधी प्रार्थना नीट ऐकायचा आणि पटली तरच आमेन म्हणायचा. मंडळीचं मत असं, की तो डोक्यानं जरा कमी आहे.

बाहेर पायरीवर चपला घालताना सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेतलं. "शनिवारी, चार वाजता. जमीन दगडी आहे, दोन दिवस लागतील. उद्याच लाग कामाला."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? आत कोण पडलंय?"

आमेनदादानं दारातून आत खाटेकडे वाकून पाहिलं.

शनिवारच का, तर रविवारची उपासना आटोपून पाळकसाहेबांना अधिवेशनाला निघायचं होतं. तिथे त्यांची तीन व्याख्यानं होती. विषय, देवाची थोरवी.

मग मंडळी झटून कामाला लागली. गायकांनी निरोपाचं गीत बसवायला घेतलं, तेही खिडक्या लावून, कारण सुताराचं घर जवळच. महिला मंडळानं पांढऱ्या फुलांची ऑर्डर दिली. पाळकसाहेबांनी 'आपला लाडका सुतार' या विषयावर चार पानं लिहिली. ती इतकी झकास उतरली, की वाचताना त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. आणि रोज कुणी ना कुणी सुताराच्या घरी डोकावून जायचं. "विश्वास सोडू नका हं, वहिनी," असं म्हणायचं आणि चादर वरखाली होतेय का, ते बघून घ्यायचं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब आणि सेक्रेटरी दफनभूमीत पोचले. सेक्रेटरींनी जागा स्वतः आखून दिली होती. चुन्याची चौकट जिथल्या तिथे होती. आतलं गवतही जिथल्या तिथे होतं. आमेनदादा कुंपणाची झुडपं कापत होता.

"खड्डा कुठाय?" सेक्रेटरी ओरडले.

"खणला नाही."

"का?"

"बुधवारी साहेब म्हणाले, तो उठणार. तिळमात्र शंका नाही म्हणाले. मी आमेन म्हटलं."

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. "अरे, पण मी तुला सांगितलं होतं ना?"

"तुम्ही मला पायरीवर सांगितलंत. साहेबांनी देवाला सांगितलं. मग खरं कुणाचं धरायचं?"

पाळकसाहेबांचा तोल सुटला. चार वाजायला जेमतेम सात तास उरले होते. "अरे शहाण्या," ते कडाडले, "ती प्रार्थना होती!"

फाटक करकरलं. सुताराची बायको उभी होती. पाळकसाहेबांच्या घरी जाऊन, ते इकडे आल्याचं कळल्यावर ती तशीच धावत आली होती. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं. तिनं सेक्रेटरींच्या हातातली मोजायची टेप पाहिली. गवतातली चुन्याची चौकट पाहिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पाळकसाहेबांनी क्षणात चेहरा बदलला. "धीर धरा, बाई," दोन्ही हात पुढे करत ते मऊ आवाजात म्हणाले. "देवाची इच्छा. केव्हा गेला?"

तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दोन हातांना वळसा घालून ती आमेनदादासमोर जाऊन थांबली.

"दादा, पहाटे ताप उतरला. उठून बसलेत. कानामागची पेन्सिल कुठाय म्हणून घर डोक्यावर घेतलंय." मागे न बघताच तिनं त्या दोघांकडे हात केला. "या दोघांना खरं वाटणार नाही. तुम्हाला वाटेल, म्हणून तुम्हाला सांगते."